माळेगावच्या यात्रेतून आणलेल्या बुजऱ्या घोडीला दोरीपासून खोगिरापर्यंत कसं शिकवावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांची जनावरं अशीच आहेत त्यांनाही उत्तर वापरता येईल. वेळ अमावस्येच्या सुमारास भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून तुम्ही काठेवाडी वळणाची घोडी आणली. विकणाऱ्यानं तीन वर्षांची सांगितली. गंगाखेडजवळ शेतातल्या आखाड्यावर बांधली आहे. मानेला हात लावू देते, पण हात कानाकडं गेला की डोकं वर फेकते. लगाम दिसला की मागं सरते. ट्रॅक्टर आला की दाव्याला हिसके देते. गावातले जाणते सांगतात की दोन दिवस दाणापाणी तोडा आणि नांगरलेल्या काळ्या रानात दमेपर्यंत पळवा, आपोआप वळणावर येईल. तुम्हाला ते पटत नाही. मोबाईलवर 'नॅचरल हॉर्समनशिप'चे व्हिडिओ बघून तुम्ही विचारता की मारझोड न करता, टप्प्याटप्प्यानं हे जमेल का, सुरुवात कुठून करायची आणि किती दिवस लागतील.

जमेल. जाणत्यांचा सल्ला मात्र बाजूला ठेवा. दमलेलं जनावर गप्प उभं राहतं म्हणून ते शिकलं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी दम भरला की भीती जागच्या जागी असते, वर पायाच्या नळीमागच्या शिरा दुखावलेल्या असतात. पाणी तोडणं तर घोड्याच्या बाबतीत फार वाईट. घोड्याला उलटी होत नाही, आतड्यात चारा घट्ट होऊन अडकला की पोटदुखीनं चांगलं जनावर एका रात्रीत जातं.

शिकवणं सुरू करण्याआधी वय आणि दुखणं तपासा. बाजारातलं वय तोंडी असतं, खरं वय दातात असतं. समोरचे मधले दोन दुधाचे दात पडून साधारण अडीच वर्षांना पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांना तोंड भरतं. म्हणजे खालीवर फक्त मधले दोन-दोन पक्के असतील तर घोडी अडीच ते साडेतीनच्या मधली आहे. हे मी खोदून सांगतो, कारण हाडं सगळी एकदम पक्की होत नाहीत. खुराजवळची लवकर होतात, पुढच्या गुडघ्याच्या वरचा भाग अडीच वर्षांच्या आसपास होतो आणि पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. स्वार बसतो तो नेमका पाठीवर. आपल्याकडं दोन-अडीच वर्षांच्या शिंगरावर मोठा माणूस बसवून नाचवतात आणि सहाव्या-सातव्या वर्षी ते पाठीनं गेलं की 'रक्तच हलकं होतं' म्हणतात. रक्ताचा त्यात काही दोष नाही.

वजनही काढा, काटा लागत नाही. शिंप्याची टेप घेऊन पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलो मिळतात. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर घोडी साधारण ३१२ किलोची. पक्क्या, कसलेल्या घोड्यावर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको. अशा घोडीसाठी ती मर्यादा ६२ किलो होते आणि वाढीतल्या घोडीसाठी मी तिथंही जाणार नाही, पंचेचाळीस-पन्नासला थांबेन. तुम्ही सत्तर किलोचे असाल तर पहिली स्वारी घरातल्या हलक्या, शांत माणसानं करावी. वय तीनच निघालं तर यंदाचं वर्ष जमिनीवरून शिकवण्यात घाला. तेवढं शिकवण्यासारखं भरपूर आहे.

आता दुखणं. लगाम दिसला की मागं सरणाऱ्या जनावराला लगामानं दुखावलेलं असण्याचीच शक्यता जास्त. तोंड उघडून जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यांत आणि दात नसलेल्या हिरडीच्या पट्टीवर जुने व्रण दिसतात का बघा. यात्रेत नाचरी घोडी दाखवायची म्हणून काटेरी लगाम सर्रास घालतात. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांनी काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला बंदी आहे, तरी तो बाजारात उघड्यावर विकायला असतो. तुमच्या घोडीबरोबर तसला लगाम आला असेल तर तो भंगारात टाका, कुणाला देऊ नका. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल कापत असतील तरी घोडी डोकं फेकते. कानात गोचीड असेल तरी कान लावू देत नाही. शिकवून यातलं काहीच जाणार नाही. परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणी तुम्हाला जवळ आहे. एकदा नेऊन दात, जंत, धनुर्वाताची लस आणि सर्रा-ग्लँडर्स या घोड्यांच्या दोन जीवघेण्या रोगांची रक्ततपासणी करून घ्या. ग्लँडर्स माणसालाही होतो. बाजारातून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून लांब ठेवायचं ते यासाठीच.

एक मोठी गोष्ट तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिली आहे. ती दिवसभर अगाडी-पिछाडीवर, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना अशी दोन्हीकडून दोरीनं बांधलेली असते. घोडा मोकळा असला तर दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत हिंडतो. त्याला चार हातांच्या जागेत जखडून, वर दोन वेळा हरभरा चारला तर ते अंग कुठं मोकळं होणार? पिछाडी आधी सोडा. बांबू किंवा लोखंडी पाइपचं कुंपण करून तिला वावरायला जागा द्या. काटेरी तार नको, बुजरं जनावर तारेत पाय घालतं आणि त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. हरभरा मूठभरावर आणा. कडबा, वाळलं गवत, थोडा लसूणघास मिळून वजनाच्या दोन टक्के, म्हणजे तिला रोज सहा किलो सुका चारा, दिवसातून चार-पाच वेळा विभागून. पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. खड्याचं मीठ चाटायला. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी कधी नाही. गाईंसाठी किंवा कोंबड्यांसाठी आणलेलं गोळी खाद्यही नाही, त्यांतल्या काहींमध्ये मोनेन्सिन असतं आणि गाईला चालणारं ते औषध घोड्याच्या हृदयावर घाला घालतं. दुसरा घोडा नसेल तर एखादी शेळी सोबतीला बांधा. एकटा घोडा झोपत नाही धड, सारखा कान टवकारून असतो. एवढे बदल करून आठवडाभर थांबलात तर अर्धी घोडी निवळलेली दिसेल, आणि तिला काहीही शिकवायला तुम्ही हात लावलेला नसेल.

मग 'नॅचरल हॉर्समनशिप'ची पद्धत. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांमधून ती पुढं आली. टॉम डॉरन्स (१९१०–२००३) आणि त्यांच्याकडून शिकलेले रे हंट ही त्यातली मोठी नावं, पुढं माँटी रॉबर्ट्स आणि पॅट पॅरेली यांनी ती जगभर नेली. मूळ विचार मात्र फार जुना. झेनोफॉन या ग्रीक सेनानीनं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवलं की घोड्याशी रागाच्या भरात वागू नये. आपल्या भागालाही हे परकं नाही. हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, घोडदळाच्या छावण्या होत्या. घोडा तयार करणारे चाबूकस्वार आणि त्याला रोज खरारा करणारे मोतद्दार ही इथली जुनी माणसं. त्यांच्यातल्या चांगल्यांच्या हातात जे होतं तेच या पद्धतीत नीट मांडलेलं आहे.

ते असं. तुम्ही घोड्यावर दाब आणता, घोडा योग्य दिशेला किंचित जरी सरकला तरी त्याच क्षणी दाब काढता. दाब म्हणजे मार नव्हे. दोरीचा ताण हा दाब, बरगडीला लावलेलं बोट हा दाब, तुमचं एक पाऊल पुढं येणं, नुसती रोखलेली नजरसुद्धा दाबच. आणि सगळं शिक्षण दाब काढण्यात आहे. दाब सुटला त्या क्षणी ती जे करत होती, ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. उशीर एक-दोन सेकंदांचा झाला तरी ती भलतंच शिकते. तुमची घोडी डोकं का फेकते ते आता बघा. कुणीतरी कानाला हात लावला, तिनं डोकं फेकलं, माणसानं हात मागं घेतला. ती शिकली की डोकं फेकलं की हात जातो. पुन्हा तेच झालं, पुन्हा ती तेच शिकली. हा तिचा दुष्टपणा नाही, ती हुशार आहे आणि तिला हे आपणच शिकवलं आहे. व्हिडिओ बघताना माणसाच्या हातातल्या काठीकडं बघू नका. तो थांबतो कधी, हात सोडतो कधी, तेवढंच बघा.

तिला जग कसं दिसतं हेही ध्यानात असू द्या. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं तिला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा घेर दिसतो. कपाळाच्या अगदी पुढची थोडी जागा आणि शेपटीमागचा पट्टा एवढंच दिसत नाही. म्हणून समोरून कपाळाकडं नेलेला हात तिच्या दृष्टीनं वाटेत नाहीसा होतो. उजेडातून अंधारात जाताना तिचा डोळा आपल्यापेक्षा सावकाश रुळतो, गोठ्याच्या दारात ती थबकते त्याचं कारण हे. तिथं चाबूक उचलू नका, अर्धा मिनिट उभं राहू द्या.

शिकवायची जागा म्हणजे पंधरा-सोळा मीटर व्यासाचं गोल आवार असलं तर उत्तम, नसलं तर खळ्याएवढी सपाट, मुरमाड जागा पुरते. वेळ सकाळची. पंधरा-वीस मिनिटं बास, हवं तर संध्याकाळी पुन्हा तेवढंच. माघ-फाल्गुनात हे काम छान होतं, वैशाखात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर गेला की पहाटे सहाच्या आत आटपायचं.

एका बाबतीत माझं मत पुष्कळ व्हिडिओंच्या उलट आहे. गोल आवारात मोकळ्या घोड्याला मागं लागून पळवायचं, तो थकून आत वळला की पाठ फिरवायची आणि तो मागं येतो, हे बघायला फार सुंदर वाटतं. घोडा माणसाला कळपाचा म्होरक्या मानू लागला असं त्यावर सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पळणं दमवणारं आणि भीतीचं असतं, तुमच्याजवळ आल्यावर ते थांबतं, म्हणून तो येतो. जाणत्या हाताला ते थोडक्यात जमतं. नवशिक्यानं बुजऱ्या घोडीवर केलं तर नांगरलेल्या रानात पळवण्यापेक्षा ते फार वेगळं राहत नाही. तुम्ही ते करू नका.

तुमची सुरुवात चालत जाण्यापासून. तिच्या खांद्याच्या रोखानं, तिरकं, हात खाली ठेवून चाला. ती जाण्याच्या बेतात आली, म्हणजे कान बदलले, वजन मागच्या पायावर गेलं, मान उंचावली, की त्याच्या आधीच थांबा. ती थांबून राहिली, तुमच्याकडं एक कान किंवा डोळा वळवला, की तुम्ही दोन पावलं मागं जा. तुमचं मागं जाणं हेच तिचं बक्षीस. हळूहळू अंतर कमी होतं आणि एका सकाळी तीच तुमच्याकडं एक पाऊल टाकते. पहिला स्पर्श नाकाला किंवा कपाळाला नको, आयाळ संपते तिथल्या खांद्यावरच्या उंचवट्याला. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात आणि माणसानं तिथं खाजवलं तरी हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. थोपटू नका, नखांनी खाजवा. खालचा ओठ लोंबायला लागला, मान खाली आली की जागा बरोबर सापडली. बरेच लोक सांगतात की घोडा ओठ चाटून चघळायला लागला म्हणजे शिकला. ताण ओसरतानाही तो तसंच करतो, तेव्हा त्यावरून एवढंच समजा की आत्ताच काहीतरी तिला जड गेलं होतं.

डोक्याचं काम या खाजवण्यातून पुढं न्यायचं. मानेवरून हात वर सरकवत जिथं ती सहन करते पण सावध होते तिथं थांबवा. हात तिथंच ठेवा, पुढं नाही, मागं नाही. तिनं डोकं हलवलं तर हातही तिच्याबरोबर हलू द्या. ती एका श्वासापुरती स्थिर झाली की हात काढा आणि लांब व्हा. परत या. पुढच्या वेळी हात दोन बोटं वर जाईल. कानापर्यंत पोचायला आठवडा लागला तर लागू द्या. या एका कामात तुमचा हात सोडण्याची वेळ साधायला शिकतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे, म्हणून मी यावर एवढा वेळ घालवायला सांगतो.

हात कानामागं निवांत जाऊ लागला की म्होरकी घाला. सुती, सपाट, नीट बसणारी. तिला साडेतीन-चार मीटरची जाड सुती दोरी. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, घड्या घालून मुठीत धरायची. घोडी उधळली तर गुंडाळलेल्या दोरीनं बोटं जातात. पायात बूट, आणि पुढं स्वारीला हेल्मेट हवंच, रुमाल-फेट्यानं डोकं वाचत नाही.

दोरीवरचे धडे साधे आहेत आणि इथंच पुढच्या स्वारीचा पाया पडतो. पहिला, डोकं खाली घेणं. दोरी हलक्या हातानं खाली धरायची, ओढायची नाही, हिसका द्यायचा नाही, नुसता ताण ठेवायचा. ती आधी वर ओढेल. तुम्ही तेवढाच ताण धरून राहा. ज्या क्षणी डोकं दोन बोटं खाली आलं त्या क्षणी दोरी सैल. दुसरा, मागं सरणं. तिसरा, मागचा भाग बाजूला टाकणं. पोटाच्या मागच्या बाजूला, जिथं पुढं टाच लागेल तिथं, बोटांनी टेकवा, दाब सावकाश वाढवा, मागचा पाय आडवा पडला की हात दूर. मग खांदे बाजूला टाकणं. प्रत्येक गोष्ट डावीकडून शिकवली तरी उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून शिकवा. एका बाजूनं ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या डोळ्यासमोर आली की पुष्कळ घोडे नव्यानं बुजतात. मागचा भाग बाजूला टाकता येणं फार महत्त्वाचं, कारण उधळायला आणि मागच्या पायांवर उभं राहायला घोड्याला मागचे दोन्ही पाय सरळ रेटावे लागतात. ते आडवे पडले की ताकद निघून जाते. उद्या पाठीवर असताना ती भडकली तर एका बाजूची दोरी गुडघ्याकडं हळू घेऊन मागचा भाग फिरवणं हाच तुमचा ब्रेक.

चालवताना ती तुमच्या खांद्याशी असावी. थांबायचं तर आधी तुम्ही श्वास सोडून थांबा, मग दोरी. काही दिवसांत दोरी लागणारच नाही. चालायचं तर आधी स्वतः पुढं झुका, मग दोरी. हलकी खूण आधी आणि दाब नंतर हा क्रम सांभाळला की ती खुणेवरच चालू लागते, कारण दाब येण्याआधी उत्तर देण्यात तिचा फायदा असतो.

ट्रॅक्टरचं उत्तर या टप्प्यावर. ट्रॅक्टर तिच्याजवळ आणून 'सवय होऊ द्या' म्हणून बांधून ठेवणं चूक. बांधलेलं जनावर पळू शकत नाही, ते आतून गोठतं आणि पुढं कधीतरी एकदम फुटतं. उलटं करा. ट्रॅक्टर पुढं, घोडी मागं. आधी बंद उभ्या ट्रॅक्टरपासून ती सहज उभी राहते तेवढ्या अंतरावर चारा द्या. मग इंजिन चालू, ट्रॅक्टर जागेवर. मग ट्रॅक्टर सावकाश पुढं जातोय आणि तुम्ही घोडी घेऊन पन्नास पावलांवरून त्याच्या मागं चालताय. पळून जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती वाटत नाही, कुतूहल वाटतं. थोड्या दिवसांत ती ट्रॉलीच्या फळीला नाक लावेल. समोरून येणारा ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी. ताडपत्री, खताचं रिकामं पोतं, छत्री, मोटारसायकल, सगळ्यांना हीच रीत: लांबून, तिच्यापासून दूर जाणारं, मग जवळ. आणि वस्तू हलवणं थांबवायचं ते ती स्थिर असताना. ती बिचकली असताना थांबवलंत तर बिचकणंच शिकवलंत.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचे घोडे मिरवणुकीच्या गर्दीतून, ढोल-नगाऱ्यांतून चालतात, ते लोक उदाहरण म्हणून सांगतात. ते घोडे गर्दीतच वाढलेले, आणि सोबत जुने घोडे असतात. तुमची घोडी वरातीत लावायचा विचार असेल तर डीजेच्या भिंतीसमोर तिला उभी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घोड्याला आपल्यापेक्षा उंच पट्टीचे आवाजही ऐकू येतात, त्या आवाजाची सवय होत नाही, फक्त सुटकेची आशा संपते. ढोल-ताशा लांबून शिकवता येतो.

जमिनीवरचं सगळं निवांत झालं, वय साडेतीनच्या पुढं गेलं, की खोगीर. आधी घोंगडी पाठीवर ठेवायची-काढायची, सरकवायची, दोन्ही बाजूंनी. मग पोटाभोवती दोरी हातानं धरून किंचित आवळायची आणि ती श्वास सोडून उभी राहिली की सैल करायची, म्हणजे तंगाचा, खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याचा, धसका बसत नाही. खोगीर मणक्यावर टेकता कामा नये, मधून उजेड दिसला पाहिजे. तंग एकदम आवळू नका. एक भोक, चार पावलं, आणखी एक भोक. खोगिरासकट हातानं फिरवा, रिकिबी लोंबत्या ठेवून फिरवा.

याच काळात दोन लांब दोऱ्या म्होरकीच्या दोन्ही बाजूंना लावून, रिकिबींतून ओवून, तिच्या मागून तिरकं, लाथेच्या टप्प्याबाहेर चालायला शिका. वळणं, थांबणं, मागं येणं सगळं तिला मागून मिळतं. गाडीरस्त्यानं, पांदीनं, ओढ्याच्या पाण्यातून असं फिरवा. स्वार नसताना जग बघून झालेली घोडी स्वार आल्यावर एका वेळी एकच नवी गोष्ट सोसते. हा टप्पा लोक वगळतात, कारण तो दिसायला शानदार नाही. तुम्ही वगळू नका.

लगाम घातलाच पाहिजे असं नाही. व्रण असतील तर वर्षभर म्होरकीवर फिरा, चालणं आणि दुडकी दोन्ही तिच्यावर होतात. घालायचा तर मध्ये एकच सांधा असलेला, गुळगुळीत, बेताच्या जाडीचा. गुळाचं पाणी लावा, थंडीत हातानं कोमट करा, दातांवर आपटू न देता अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घालून तोंड उघडवा. काढताना तर दुप्पट सावकाश, तिनं स्वतः सोडेपर्यंत थांबायचं. बहुतेक घोडे लगामाला भितात ते काढताना दातांवर बसलेल्या खटक्यामुळं.

पाठीवर बसायचं ते लाकडी ठोकळ्यावरून, रिकिबीला लोंबकळून नाही. एक दिवस नुसता पोटावर भार टाकून उतरा. दुसऱ्या दिवशी पाय पलीकडं टाका, मान खाजवा, उतरा. जमिनीवर ओळखीचा माणूस दोरी धरून असावा आणि पहिली पावलं त्यानंच न्यावी, वरच्यानं काही करू नये. पाच मिनिटं झाली की संपलं. पहिला महिना फक्त चाल. नीट थांबणारी आणि हलक्या हातावर वळणारी घोडी झाली की दुडकी. भरधाव पळवणं पाच वर्षांच्या आत मुळीच नको.

किती दिवस लागतील हे तुम्ही विचारलंत. दातावरून वय साडेतीनच्या पुढं असेल आणि रोज थोडा वेळ दिलात तर म्होरकीचं काम निवांत व्हायला महिना-दीड महिना, खोगीर आणि लांब दोऱ्यांपर्यंत तीन-चार महिने धरा. एखादा दिवस मागं जाईल. तेव्हा शेवटचं जे तिला चांगलं येत होतं तिथं परता, ते एकदा करून घ्या आणि सोडून द्या. ती दात काढून अंगावर येत असेल, पुढच्या पायांनी मारत असेल किंवा मागच्या पायांवर उभी राहून उलटी पडत असेल तर मात्र हा घरी शिकवायचा विषय नाही, अनुभवी माणसाला बोलवा. आणि सालगड्यालाही हे सगळं समजावून सांगा. तुम्ही सकाळी वीस मिनिटं दोरी सैल सोडायला शिकवणार आणि तो दिवसभर पाण्यावर नेताना हिसके देणार, तर घोडी त्याच्याकडूनच शिकेल. तो तिच्याजवळ तुमच्यापेक्षा जास्त असतो, त्यालाच आधी शिकवा.

मृगाचा पाऊस पडला की काळी माती खुराला गोळ्यानं चिकटते, पाय घसरतात, शिरा ओढल्या जातात. तेव्हा रानातलं काम थांबवून मुरमाच्या रस्त्यावर हातानं फिरवा. त्या काळात खूर उचलणं पक्कं करा: पायाच्या नळीवरून हात खाली, बोटांनी हलकी चिमूट, वजन सुटलं की लगेच हात दूर. आधी क्षणभर, मग खूर खरवडण्याइतका वेळ. पावसाळ्यात खुराच्या तळव्यात चिखल राहून सडतं, रोज साफ करावं लागतं, आणि सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येईल तेव्हा तिला धरायला दोन माणसं लागता कामा नयेत.